तिघांचं जेवण

मित्रांनो, मी एक जुना, चार पुडांचा स्टीलचा डबा आहे. अंगावर पोचे आहेत आणि मनात गोंधळ. पोच्यांचं सोडा, गोंधळ सांगतो.

प्रभाबाईंनी मला दिल्लीच्या करोल बागेतून निवडून आणलं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात मी राहू लागलो. त्यांची सून रुचिरा गुडगावला, नव्या काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर काम करायची. रोज बसमध्ये मी तिच्या मांडीवर असायचो.

रुचिराला जुळं राहिलं. प्रभाबाई कीर्तनाच्या वेड्या. कॅसेट लावून, बुवांबरोबर गजर करत पोळ्या लाटायच्या. "तिघांचं जेवण गेलं पाहिजे!" म्हणत उसळ, पालक, शिरा दाबून भरायच्या. माझं झाकण लागता लागत नसे.

ऑफिसात रुचिरा चार घास खायची आणि थांबायची. छातीत जळजळ. पण अन्न टाकायचं नाही ही घरची शिकवण. मग शेजारची सिम्मी सरसावायची, "यार, तेरी सासूमाँ तो अन्नपूर्णा हैं!" आणि मला पुसून काढायची.

संध्याकाळी प्रभाबाई झाकण उघडून म्हणायच्या, "शाबास! चाटूनपुसून रिकामा!" मी चमकायचो आणि गोंधळायचो. ही शाबासकी नेमकी कुणाची? मी भरलेला चांगला की रिकामा?

एके दिवशी रुचिरा ऑफिसातून परस्पर दवाखान्यात गेली, प्रभाबाईही तिथे आल्या. मी पिशवीत होतोच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळांची वाढ कमी पडतेय. रक्तही कमी आहे."

"अहो, पण डबा रोज रिकामा येतो!" प्रभाबाई म्हणाल्या.

रुचिराला रडू फुटलं. "आई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. एका वेळी जातच नाही हो. सिम्मी खाते."

आता भडका उडणार, असं मला वाटलं. प्रभाबाई मात्र कपाळावर हात मारून म्हणाल्या, "म्हणजे नैवेद्य झाला गं तुझा! दाखवायचा तुला, खायचा दुसऱ्यांनी!"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "थोडं थोडं, पण दर दोन-तीन तासांनी खा. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको. आणि जरा आडव्या होत जा."

दुसऱ्या दिवशी माझे पूड सुटे झाले. एक पिशवीत, एक खणात, एक टेबलावर, एक परतीच्या बससाठी. मी एक की चार, मला काही कळेना.

मग एकादशी आली. रुचिराने विचारलं, "आई, आज उपास?"

"तुझ्या एकादश्या माझ्याकडे. पांडुरंगाशी मी बोलते. तू जेव."

"आणि सिम्मीशी?"

"तिला वेगळा डबा देते. तुझ्यात हात नको!"

निहार आणि मैत्रेयी यथावकाश आले. दोघांची वजनं पाहून डॉक्टरीणबाई हसल्या, तेव्हा कुठे प्रभाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

मित्रांनो, आम्हा भांड्यांचं मागणं असतं, घासूनपुसून नीट ठेवा. ते आहेच. पण तुमच्या घरात कुणी आई होणार असेल, तर नुसत्या डब्यात डोकावू नका. तिच्या शेजारी बसा आणि विचारा, "किती जातंय गं तुला?"