क्वामेच्या वळणावरची झाडं

आमच्या हेगडाल गावात हिवाळ्यात कुणाला उशीर झाला, तर "क्वामेचं वळण" एवढं सांगितलं की भागायचं. वायव्येचा वारा सपाट शेतांवरून बर्फ हाकत आणायचा आणि नेमका त्या वळणावर ओतायचा. मी काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, बर्फ लोटायचा ट्रक चालवतो. त्या वळणावर पुढचा रस्ता मोकळा करेपर्यंत मागचा भरलेला असायचा.

आर्डिस टॉलेफसन काउंटीत वादळांच्या पूर्वतयारीचं काम बघायला लागली, तेव्हा तिनं चर्चच्या तळघरात सभा बोलावली.

"रस्त्यापासून बरंच आत, शेतात, झाडांच्या रांगा लावू," ती म्हणाली. "विलो, सीडर, रानटी प्लम. वाऱ्याचा जोर तिथेच मोडेल आणि बर्फ रस्त्यावर यायच्या आधीच खाली पडेल."

"आणि ही झाडं मोठी कधी होणार?" ऑर्विल क्वामेनं विचारलं. शेत त्याचंच होतं.

"दहा-बारा वर्षांनी."

तळघरात हशा पिकला. "तोवर मी वर पोचलेला असेन," ऑर्विल म्हणाला. "प्लम माझ्या थडग्यावर आणून ठेव."

"ठेवीन की! पण तिथवर यायला रस्ता मोकळा हवा ना, ऑर्विल?"

आता लोक त्याला हसले. त्याची बायको वर्ना कॉफी वाढत होती, तिथूनच ओरडली, "देऊन टाक रे ती पट्टी! तसाही तिथे मका धड येत नाही."

ऑर्विल तयार झाला, पण अट घालून. ट्रॅक्टर न्यायला मधोमध वाट मोकळी सोडायची. आर्डिसनं परोपरीनं सांगितलं, की फटीतून वारा दुप्पट जोरानं घुसेल. तो ऐकेना. शेवटी तिनं मान्य केलं. काहीच नसण्यापेक्षा बरं.

मग कोरडे उन्हाळे आले. आम्ही टाक्या भरभरून पाणी घातलं. हरणांनी शेंडे खाल्ले, आम्ही पुन्हा रोपं लावली. येणारेजाणारे "आर्डिसच्या काड्या" म्हणून दात काढायचे. काड्या मात्र वाढत राहिल्या. माझ्या कमरेपर्यंत आल्या, मग डोक्याच्या वर गेल्या.

आणि मग, दहाएक वर्षांनी, तो जानेवारी आला. आधी गोठणारा पाऊस पडला, तारांवर मनगटाएवढा बर्फ चढला, विजेचे खांब आडवे झाले. मागोमाग वारा सुटला. गावातला वृद्धाश्रम गार पडायला लागला. तिथला जनरेटर जेमतेम दिव्यांपुरता. तारा जोडणारी माणसं शेजारच्या गावात येऊन थांबली होती. काउंटीचं ऑफिस तिथेच, म्हणून मी आणि आर्डिसही तिथेच होतो. आणि मध्ये होतं क्वामेचं वळण.

आर्डिस माझ्या ट्रकमध्ये चढली. "चल, हार्लन!"

"फसलो तर?"

"तर माझ्या नावानं बोंब मार. आधी चल तरी!"

त्या लोकांच्या गाड्या मागे घेऊन आम्ही निघालो. दुपार होती, पण समोर नुसता पांढरा अंधार. वळण जवळ आलं तसे माझे हात स्टिअरिंगवर आवळले. आता बर्फाची भिंत येणार, आता धडकणार.

भिंत आलीच नाही.

ट्रकच्या पुढच्या पात्याखाली डांबर खरवडल्याचा आवाज आला. डांबर! जानेवारीत, क्वामेच्या वळणावर!

"दिसतंय का तुला? अरे, दिसतंय का!" आर्डिस माझा दंड पकडून गदागदा हलवत होती. डावीकडे झाडांशी बर्फाचा डोंगर झाला होता, कोठारापेक्षा उंच, आणि तो सगळाच्या सगळा शेतात! मी हॉर्न दाबूनच धरला. मागच्या गाड्यांनीही भोंगे सुरू केले. वादळात वरात निघावी तसे आम्ही चाललो होतो.

आणि खाडकन थांबलो. ऑर्विलच्या फटीसमोर रस्त्यावर आडवा ढीग होता, घट्ट, सिमेंटसारखा. मी पातं मारलं, मागे घेतलं, पुन्हा मारलं. हलेना.

"ही फट! ही मेली फट!" आर्डिसनं डॅशबोर्डवर मूठ आपटली.

तेवढ्यात ढिगाच्या पलीकडून घरघर ऐकू आली. बर्फाचा एक लोट उडाला, मग दुसरा. ऑर्विल त्याच्या जुन्या ट्रॅक्टरवर बसून पलीकडून ढीग उपसत होता. भुवया गोठलेल्या, तोंडाचा पट्टा चालू. तो तिकडून, मी इकडून. शेवटी मधला पापुद्रा कोसळला आणि आम्ही समोरासमोर आलो.

"काही बोलू नकोस, आर्डिस!" तो वाऱ्यावर ओरडला.

"मी कुठे काय बोलले?"

"तुझा चेहरा बोलतोय! जा, म्हातारी माणसं गारठलीत!"

संध्याकाळच्या आत वृद्धाश्रमात वीज आली. आम्ही आत शिरलो तेव्हा घोंगड्यांत गुरफटलेल्या आज्या हीटरभोवती बसून टाळ्या पिटत होत्या. कुणीतरी आर्डिसच्या हातात कॉफी दिली, पण ती कप घेऊन जागच्या जागी उड्या मारायला लागली आणि अर्धी सांडली.

"थंडी वाजतेय?" मी विचारलं.

"छे रे! झाडांनी काम केलं, हार्लन! खरंच केलं!"

बर्फ वितळल्यावर ऑर्विलनं स्वतः खड्डे खणून, रोपं लावून ती फट बुजवली आणि ट्रॅक्टरसाठी टोकाकडून वळसा काढला. पुढच्या सभेला तळघरात बसायला जागा उरली नाही. आर्डिसनं नकाशा पसरला आणि विचारलं, "पुढची रांग कुणाच्या शेतात?" चौघे एकदम उठले आणि आधी कोण यावरून भांडायला लागले. सगळ्यांत मोठा आवाज ऑर्विलचा. ओढ्याजवळही रस्ता असाच भरतो, आणि तिथलंही शेत त्याचंच होतं म्हणे.