चावी फिरवून बघणारं घर

मी एक छोटी निळी गाडी बोलतेय. सध्या गॅरेजात उभी आहे, बॉनेट वर, पोट रिकामं. इंजिन बाहेर काढून समोरच्या टेबलावर ठेवलंय आणि मला दिवसभर तेच बघत बसावं लागतंय. शेजारच्या गाड्या येतात, तेल पिऊन निघून जातात. मी आहे तिथेच. उभं राहणं माझ्या स्वभावात नाही. चाकं शिवशिवतात नुसती.

ही वेळ माझ्यावर का आली, ते सांगते. ज्यांनी आणली त्यांचं वय झालंय म्हणून त्यांना सोडणार नाही. वय माझंही झालंय.

कारखान्यात माझ्यासारख्या निळ्या अनेक होत्या. मालकांनी त्यातली मी निवडली, कारण दुसऱ्या रंगासाठी थांबावं लागलं असतं. घरी नेल्यावर माझ्या सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी दोन उन्हाळे काढलं नाही. बसलं की पाठ भाजायची, उठलं की चर्र आवाज यायचा. पाहुण्यांना सांगायचे, "काढलं की जुनी होते." मी जुनी झालेच. नुसता घाम प्लॅस्टिकवर साचला.

मालक एका कार्यालयात मोठे साहेब होते. निवृत्त झाले, पण साहेबपण गेलं नाही. घरात काहीही बंद पडलं की त्यांचा उपाय एकच. मिक्सर असो, गीझर असो, मी असो. "थांब, एकदा फिरवून बघतो." एका थंडीत माझी बॅटरी उतरली. मालकिणीने सांगितलं, "अहो, मेकॅनिकला बोलवा." यांनी चावी फिरवली. मग पुन्हा फिरवली. बॅटरीत जो थोडा जीव उरला होता तोही काढून घेतला आणि वर मलाच नावं ठेवली, "हिचं काही खरं नाही."

दुसरी सवय, गुप्त बोलणी माझ्यात बसून करायची. घराच्या भिंती पातळ, म्हणून तळघरातल्या पार्किंगमध्ये यायचं, काचा वर करायच्या, एसी लावायचा आणि फोन. त्यामुळे त्या घरातलं मला माहीत नाही असं काही नाही.

माझा विमाही माझ्यातच बसून ठरायचा. मालकिणीचा भाऊ विम्याचं काम करतो. घरात त्याला सगळे मामाच म्हणतात. दरवर्षी तो यायचा, शेजारच्या सीटवर बसायचा आणि मालक विचारायचे, "मेहुणे, यंदा हप्ता किती खाली येतोय?"

"भाऊजी, गाडीची किंमत अजून थोडी कमी दाखवू. हप्ता आपोआप उतरतो."

"उतरवा की मग."

माझ्याच सीटवर बसून, माझाच एसी खात, माझीच किंमत पाडायचे! ती किंमत म्हणजे उद्या मी चोरीला गेले किंवा पार चेंदामेंदा झाले तर कंपनी जास्तीत जास्त जेवढं देईल तेवढं. हप्त्यात चार पैसे वाचले म्हणून दोघं खूश. मी चोरीला गेले असते, तर मिळालेल्या पैशांत माझे दरवाजे आले असते फार तर.

वर मालकांचा अभिमान वेगळाच. "आमच्या घरात आजवर एकदाही क्लेम केलेला नाही." हे ते अशा थाटात सांगायचे की जणू खानदानात कुणी तुरुंगात गेलेलं नाही. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी सवलत मिळते, ती सवलत म्हणजे त्यांचं पदक. खांबाला घासून माझा अख्खा दरवाजा आत गेला तेव्हाही खिशातून पैसे भरले. मग विमा कशासाठी काढता, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

विचारलं धाकटीने.

धाकटी ही मालकांची लेक. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. मालकांनी पंधरवडाभर अबोला धरला, आणि ते बोलायला लागल्यावर तिला वाटलं, अबोलाच बरा होता. तिने कुत्र्यांचं काम शिकून घेतलं. लोकांच्या घरी जाऊन कुत्र्यांना आंघोळ घालायची, केस कापायचे, नखं काढायची. माझी मागची सीट आडवी करून तिथे टब, ड्रायर, कात्र्या ठेवल्या. ओल्या कुत्र्याचा वास माझ्या छतापर्यंत गेला. खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला कामावर गेल्यासारखं वाटलं.

मालक पाहुण्यांना सांगायचे, "मुलगी जरा बाहेर असते." कुत्री धुते, हे तोंडातून निघायचं नाही.

मामाकडे तिच्यासाठी खुर्ची तयार होती. त्याच्या ऑफिसात बसायचं, फोन उचलायचे, "साहेब बाहेर गेलेत" म्हणायचं. मालकांनी तिला स्वच्छ बजावलं होतं, "गाडी चालतेय तोवर कर तुझे चाळे. गाडी बसली की मामाच्या ऑफिसात बसायचं. मी दुसरी घेऊन देणार नाही." म्हणजे माझ्या इंजिनावर नुसती मी चालत नव्हते.

म्हणून यंदा विम्याची वेळ आली तेव्हा ती स्वतः गाडीत येऊन बसली. मालक पुढे, मामा मागे, टबाशेजारी अंग चोरून.

"मामा, या पॉलिसीत ड्रायव्हरचा विमा आहे. आपला ड्रायव्हर कोण?"

"असतो गं तो. सगळ्यांच्या पॉलिसीत असतो."

"आणि ही म्युझिक सिस्टिम? ती तर मी शाळेत असताना चोरीला गेली."

"तेव्हा क्लेम नव्हता केला आपण," मालक अभिमानाने म्हणाले.

"बाबा, गेलेल्या वस्तूचा विमा भरतोय आपण इतकी वर्षं!"

मामा हसला. "भाऊजी, एवढी किरकिर असेल तर दुसऱ्याच्या नुकसानीपुरता घ्या, तो सक्तीचाच आहे. जुन्या गाडीला बाकी कशाला?"

"गाडी जुनी आहे, पण माझं पोट तिच्यावर आहे," धाकटी म्हणाली. "तिला काही झालं तर मी काय तुमच्या स्टेपलरने कुत्र्यांचे केस कापू?"

मालक गरजले, "मोठ्यांशी बोलायची ही पद्धत?"

ती उतरली आणि विमा तिने स्वतःच घेतला. चार कंपन्यांना फोन केले, माझ्या उघड्या दारात बसून. ड्रायव्हर काढला, म्युझिक सिस्टिम काढली. प्रत्येक दुरुस्तीत सुरुवातीचा मोठा वाटा आपणच भरू असं मान्य केलं, म्हणजे हप्ता बराच खाली आला. बारीकसारीक खर्च हे घर खिशातूनच करतं, मग त्यासाठी कंपनीला पैसे कशाला द्यायचे? माझी किंमत होती तेवढी लावली. मी तेव्हा जरा ताठ उभी राहिले, कुणाला दिसलं नसेल. गाडी धंद्यासाठी वापरते, हेही तिने सांगून टाकलं. त्याने हप्ता थोडा चढला. मामा म्हणाला, "कशाला सांगितलंस? कोण बघायला येतंय?" ती म्हणाली, "आले तर?"

आणि जे वाचलं होतं त्यातून तिने एक जादा कलम घेतलं, इंजिनाचं. पाणी शिरून इंजिन गेलं, अगदी आपल्याच हातून चुकीने चालू करून गेलं, तरी कंपनी भरून देणार. साध्या विम्यात ते धरत नाहीत. मामा तर पोट धरून हसला. "तळघरात उभी असते गाडी. बोट आहे का ती?"

तळघरात उभी असते, तेच तर कारण होतं. नाक्यावरची मोठी पाण्याची पाइप अधूनमधून फुटते आणि उतारावरचं सगळं पाणी आमच्याकडे येतं. आधी घोट्यापर्यंत आलं होतं. या वेळी पाइप फुटली तेव्हा माझ्या दिव्यांपर्यंत आलं.

पंपाने उपसून उपसून पाणी चाकांखाली गेलं. वरून मी कोरडी दिसत होते. आत, हवा ओढायच्या नळीत, पाणी साठून होतं. धाकटी पलीकडच्या गल्लीत एका म्हाताऱ्या कुत्रीची नखं काढत होती. फोनवर आईला म्हणाली, "आलेच. कुणी हात लावू नका."

मालक जादाची चावी घेऊन खाली आले. मालकीण जिन्यातून ओरडत होती, "अहो, येतेय ती! थांबा ना जरा!"

"तिला काय कळतंय? एकदा फिरवून बघतो."

मला बोलता येत नाही याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. पहिल्यांदा फिरवली, मी गुरगुरले. दुसऱ्यांदा फिरवली, मी अडून बसले. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. माणूस असते तर म्हणाले असते, हात काढ. त्यांनी पाय दाबून आणखी फिरवली. आत कड् असा आवाज झाला आणि माझ्यातला एक दांडा वाकला.

मालक खाली उतरले, इकडेतिकडे बघितलं आणि चावी खिशात घातली. धाकटी आली तेव्हा म्हणाले, "पाण्याने गेली वाटतं."

तिने त्यांच्या ओल्या बुटांकडे बघितलं. मग गाडी ओढून नेणाऱ्याला फोन लावला.

मला ओढून गॅरेजात आणलं. नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर यायचा होता. मालक सवयीप्रमाणे माझ्यात येऊन बसले आणि मामाला फोन लावला. काचा वर करायचं बटण दाबलं. वीजच नव्हती, काचा येणार कुठून? धाकटी बाहेर माझ्या चाकाला टेकून उभी होती. मामाचा आवाज असा की फोन कानाला असला तरी गॅरेजभर जातो.

"भाऊजी, ते कलमबिलम कागदावरच असतं. चावी फिरवली म्हणून चुकूनही सांगू नका, एक पैसा मिळणार नाही. पोरगी चालवत होती, रस्त्यात पाणी शिरलं, असं सांगा. नवशिकी आहे, चालून जाईल. आणि नाहीच मिळालं, तर खुर्ची आहेच माझ्याकडे तिची."

मालक नाही म्हणाले नाहीत. "बघतो," म्हणाले. मला हात असते तर मी कान झाकले असते.

सर्व्हेअर आला. तरुण, गळ्यात टॉर्च. वाकून बघितलं, फोटो काढले, मग विचारलं, "पाणी शिरल्यावर गाडी चालू केली होती का? कुणी?"

मालकांनी धाकटीकडे बघितलं. तोंड उघडलं. जन्मात त्यांनी "माझं चुकलं" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि सगळी बोलणी माझ्यातच व्हायची.

धाकटी शांतपणे म्हणाली, "बाबा, खरं सांगा. खोटं पकडलं गेलं तर काहीच मिळायचं नाही. खरं बोलायचे पैसे आपण भरलेत."

"म्हणजे?"

"इंजिनाचं कलम घेतलं ना मी. पाणी कधी येईल ते मला माहीत नव्हतं. आलं की तुम्ही चावी फिरवून बघणार, हे मात्र नक्की माहीत होतं."

सर्व्हेअरने हसू लपवायला टॉर्च तपासला. मालकांचा चेहरा माझ्या जुन्या सीटसारखा झाला, जागोजागी फाटलेला. ते माझ्या टपावर बोट घासत राहिले.

"मी फिरवली," ते म्हणाले. मग आणखी हळू, "चार-पाच वेळा."

क्लेम मंजूर झाला. मालकांचं पदक गेलं, सवलत बुडाली. आपला वाटा धाकटीने भरला. सुटे भाग यायचेत, ते येईपर्यंत ती कात्र्यांची पिशवी खांद्याला लावून बसने फिरतेय आणि मी इथे तळमळतेय. मामाची खुर्ची रिकामीच आहे.

तुम्हीही उद्या गाडीचा विमा घ्यायला बसाल. मामाचं ऐकून किंवा आकडा बघून सही ठोकू नका. गाडी कुठे उभी असते, तिच्यावर कुणाचं पोट आहे आणि घरात हात कुणाचे शिवशिवतात, एवढं बघा. नको ते काढा, लागेल ते घ्या, आणि खरं सांगा.

काल मालक येऊन माझ्या रिकाम्या पोटात वाकून बघून गेले. धाकटीने हात पुढे केला. "जादाची चावी द्या, बाबा."

"राहू दे की माझ्याकडे. अडीनडीला लागते," ते म्हणाले, आणि खिशावर हात ठेवून निघून गेले.

बाई गं, पुढच्या वर्षीही ते इंजिनाचं कलम घे.