चौदाव्या डिस्कवरची रात्र

ओहायोहून ड्वाइट पामरचा फोन आला तेव्हा ग्वेन हालवर्सन अठ्ठावन्नाव्या डिस्कच्या पाकिटावर सही करत होती.

"ती चौदा नंबरची डिस्क पाठवलीस ना, तिच्यात एक चित्र अर्धवट आहे," ड्वाइट म्हणाला. तो विद्यापीठात भूशास्त्र शिकवायचा. "शनीच्या एका चंद्राचा दक्षिणेकडचा भाग काळाकुट्ट. माझ्या वर्गातली पोरं म्हणाली, तिकडे रात्र असेल."

"तुमचं यंत्र नीट वाचत नसेल."

"त्याच डिस्कवरची बाकीची चित्रं झकास दिसतात. माझ्या यंत्राचं काय त्या एकाच चंद्राशी वाकडं आहे?"

ग्वेन हसली. "एक मिनिट थांबा. आमच्याकडची प्रत बघते."

ही चित्रं काढणारं यान शनीजवळून पाच वर्षांपूर्वी गेलं होतं, एकदाच, आणि परत फिरणार नव्हतं. त्यानं पाठवलेली चित्रं फ्लॅगस्टाफ गावातल्या ग्वेनच्या संस्थेत टेपांवर होती. एका विद्यापीठाला ती पाठवायची तर टेपांची खोकी भरावी लागत. आता लेझरनं कोरलेली ताटाएवढी डिस्क पाकिटात घालून टपालानं जायची. टेपवरून डिस्कवर चित्रं उतरवायची, ती बरोबर उतरली का तपासायचं आणि सही करायची, हे ग्वेनचं काम. सही झाली की ती टेप पुसायला मोकळी. नव्या टेपा घेणं संस्थेनं बंदच केलं होतं.

तपासायचा प्रोग्रॅम तिनं स्वतः लिहिला होता. चित्र म्हणजे शेवटी आकडेच. टेपवरच्या आकड्यांची बेरीज आणि डिस्कवरच्या आकड्यांची बेरीज एक आली की पडद्यावर 'जुळते' असं यायचं. टेपांचं कोठार सांभाळणारा अर्ल टसो सुरुवातीला म्हणाला होता, "पोरी, एकदा डोळ्यांनीपण बघत जा की." तेव्हा तिनं त्याला ऐकवलं होतं, "हजारो चित्रं आहेत, अर्ल. डोळे थकतात. बेरीज थकत नाही."

तिनं रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि कपाटातून चौदावी डिस्क काढली. ती हातात असतानाच दुसऱ्या हातानं तिनं सवयीनं तपासणीची आज्ञा टाइप केली.

'चौदा: जुळते.'

ग्वेननं हातातल्या डिस्ककडे पाहिलं. मग डिस्क वाचायच्या यंत्राकडे. यंत्र रिकामं होतं.

तिनं पुन्हा टाइप केलं. 'जुळते.'

प्रोग्रॅमचे कागद तिनं खसाखसा उलटले. चूक सातव्या पानावर होती, एका ओळीची. दुसरी बेरीज डिस्कवरून घेतलीच जात नव्हती. टेपची बेरीज संगणकात एकदा साठवली जायची आणि तीच दोनदा वाचली जायची. तीन आठवडे टेप स्वतःशीच जुळत होती.

तिनं डिस्क यंत्रात सरकवली आणि चित्र उघडलं. वरचे खड्डे, दऱ्या, सगळं रेखीव. खाली काळं.

ती जिन्यावरून धावत मागच्या दारापाशी आली. अर्ल पुसायला जाणाऱ्या टेपांची खोकी गाडीत चढवत होता.

"उतरवा! सगळी उतरवा!"

"अगं, हळू! काय झालं? आग लागली का?"

"डिस्क तपासल्याच नाहीत. एकही नाही."

"सह्या तर झोकात केल्यास सगळ्यांवर," अर्ल म्हणाला. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि हातातलं खोकं खाली ठेवलं. "ही तिसरी गाडी. यात एकेचाळीसपासूनच्या आहेत. या थांबल्या समज."

"आणि चौदा?"

"पहिल्या गाडीत गेली."

"पुसणाऱ्यांना फोन करा ना. कदाचित अजून..."

"फोन कुणाला करतेस, पोरी? पुसून परतपण आल्या त्या. दोन्ही गाड्या. सोमवारी तुझ्याच खोलीत नेऊन ठेवल्या. कोऱ्या टेपा द्या, कोऱ्या टेपा द्या, म्हणून माझ्या मागे कोण लागलं होतं?"

ती जिना चढली, या वेळी सावकाश. खोलीत टेपचं मोठं चाक संथपणे फिरत होतं. सकाळीच तिनं आपल्या तपासणीच्या नोंदींची प्रत एका कोऱ्या टेपवर काढायला लावली होती. टेपचं रिकामं खोकं बाजूलाच पडलं होतं. नव्या चिठ्ठीच्या कडेतून जुनी चिठ्ठी डोकावत होती. तिनं नखानं वरची चिठ्ठी सोलली. खाली अर्लच्या अक्षरात नऊचा आकडा होता.

चौदा नाही. क्षणभर तिला हायसं वाटलं. मग लक्षात आलं की नववी डिस्कही तिनं कधी पाहिलेली नाही.

चाक फिरत राहिलं. जुळते, जुळते, जुळते, अठ्ठावन्न ओळी त्या नवव्या टेपवर उतरत होत्या.

टेबलावरच्या रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता. तिनं तो उचलला.

"मला वाटलं विसरलीस," ड्वाइट म्हणाला. "काय मग? रात्रच आहे ना तिकडे?"

"नाही. उजेड होता. यान गेलं तेव्हा ते चित्र मी पाहिलं होतं, सगळा भाग नीट दिसत होता. तो मी पुसला, ड्वाइट. चूक माझी आहे. मूळ टेप आता नाही."

पलीकडून पाकिटं चाळल्याचा आवाज आला.

"मग हेही लिहून घे," ड्वाइट हळू आवाजात म्हणाला. "पोरांनी एक यादी केली आहे. रात्र कुठे कुठे आहे त्याची. सहा नंबरच्या डिस्कपासून सुरू होते."