गाऱ्हाण्याचा होकार

"बा देवा म्हाराजा," नारळ दोन्ही हातांत धरून धोंडूकाकांनी गाऱ्हाणं सुरू केलं आणि चारकोपच्या मंडळाचा हॉल चिडीचूप झाला. तिथेच वाट लागली.

मालवणी गाऱ्हाण्यात एकाने देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून होकार द्यायचा. होकाराशिवाय मागणं अर्धंच. गाऱ्हाण्याची वारसा म्हणून नोंद व्हायला हवी तर समाजाचा सहभाग दिसला पाहिजे, असं फिल्म करायला आलेल्या गंधालीमॅडमनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं. समाज आला होता की, हॉल खचाखच! पण ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल, नि आपल्या व्हिडिओत आपलाच आवाज कशाला, म्हणून तोंडं बंद. काकांचा मुलगा निलेश तर मागे खुर्चीवर चढून शूटिंग करत होता.

काहीही मागा, असं काकांना सांगितलं होतं. पण देवासमोर नारळ धरून खोटं कसं मागायचं? सोमवारी त्यांच्या बायकोचं, नलिनीकाकूंचं, हृदयाचं ऑपरेशन होतं.

"माझ्या घरकारणीक सुखरूप घराक हाड रे म्हाराजा."

काका थांबले. कोणी हूं की चूं केलं नाही. गिरणीतले जुने सोबती असते तर हॉल दणाणला असता. आता त्यांतलं उरलंय कोण? तेवढ्यात पहिल्या रांगेतून बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा." नलिनीकाकूच होत्या. स्वतःच्या जिवासाठी स्वतःच होकार दिला बिचारीने.

ऑपरेशननंतर काकू घरी आल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात निलेशने गंधालीमॅडमची फिल्म टीव्हीवर लावली. प्रत्येक मागण्यामागे दणदणीत "व्हय म्हाराजा" घुमत होतं. वारशाची नोंद करणाऱ्या कमिटीला शांतता रिकामी वाटली, म्हणून पोरांना बसवून आवाज नंतर टाकला होता.

"ह्येच्याखाली तुझी आवस आसा मां रे?" काकांनी विचारलं.

निलेशने आईचा आवाज आधीच सगळीकडे शोधला होता. मूळचा आवाज पुसला गेला होता. हॉलभर मोबाईल, पण पंख्यांच्या घरघरीत काकू एकातही सापडल्या नाहीत.

"मी तरी म्हणायला हवं होतं, बाबा," तो एवढंच म्हणाला.

हल्ली काका ही फिल्म आवाज बंद करून बघतात. मागणं संपतं, काका नारळ धरून थांबतात आणि पहिल्या रांगेत काकूंचे ओठ हलतात.