शेंदूर लावलेला पाणघोडा

विहीर अठ्ठावीस फुटांवर अडली, आणि ती अडवली मीच.

बहात्तरचा दुष्काळ. सिंदफणेचं पात्र कोरडंठाक, आणि आमच्या सहकारी पाणी सोसायटीची सारी भिस्त काठावरच्या या एका विहिरीवर. मी सर्जेराव, सोसायटीचा चेअरमन. गाळात वीतभर सुळ्यांचा जबडा निघाला तेव्हा मजूर राक्षस राक्षस करत वर पळाले. त्यांची भीती जावी म्हणून मी मोठ्या अक्कलहुशारीनं जबड्याला शेंदूर फासला, नारळ फोडला. मजूर उतरले, पाया पडले आणि हात बांधून उभे राहिले. देवाला पहार कोण लावणार?

शेवटी औरंगाबादच्या कॉलेजातले प्राध्यापक बोलावले. दोन तास खाली बसून ते हरखूनच वर आले.

"पाणघोडा आहे. हजारो वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथं मोठे डोह होते, काठाला उंच गवत. एका दुष्काळात डोह आटला आणि हा शेवटच्या चिखलात रुतला. जबडा भोवतीच्या गाळासकट अख्खा उचलू. आठ माणसं द्या."

चाळीस मजूर, पण एकही पुढं येईना. मी शिव्या घातल्या, मग हात जोडले. शेंदराला कुणी हात लावायला तयार नव्हतं.

तेव्हा भिवराबाई पुढं आली. ती बौद्धवाड्यातली, तिची माणसं वरची माती वाहायची.

"आमी उचलतो, चेरमनसाहेब. आमाला शेंदराचं भ्याव न्हाई. पर पाणी लागलं की आमचाबी पोहरा हितंच पडंल. आत्ताच समद्यांम्होरं सांगा."

काय सांगायचं ते मला ठाऊक होतं. हे तिला मागावं लागलं याची लाजही वाटली. पण मागं सोसायटीचे सभासद उभे होते, त्यांत माझा सख्खा भाऊ आसाराम. त्यानं नुसती नकाराची मान हलवली. हो म्हणावं तर गाव तुटणार, नाही म्हणावं तर पाणी जाणार. आणि या कात्रीत मला दुसऱ्या कुणी घातलं नव्हतं.

"इचार करून सांगतो," मी म्हणालो.

भिवराबाईनं वाकून खालच्या जबड्याकडं पाहिलं, मग पदर सावरून काठावरच बसली.

"करा. त्योबी आसाच जागा सोडंना झाला आसंल."

माझ्या पायाखालची जमीन चांगली टणक होती, तरी पाऊल उचलेना.