एक गिऱ्हाइकाचं, एक अब्बांचं

तीर्थपुरीच्या बाजारात महेमूदभाईंचं छपाईचं दुकान होतं, आणि त्या दुकानातला कॉम्प्युटर त्या दिवशी सकाळपासून अडून बसला होता. घडीघडी पडद्यावर चौकट यायची: मेमरी कमी आहे, उघडे प्रोग्रॅम बंद करा. महेमूदभाई माशी वारावी तशी ती चौकट बाजूला सारायचे आणि पुढचं अक्षर शोधायला लागायचे.

त्यांची मुलगी सबिहा संभाजीनगरच्या एका कॉलेजात मराठी शिकवायची. दोन दिवसांसाठी गावी आलेली ती शेजारच्या स्टुलावर चहा घेत बसली होती. महेमूदभाई आधी पाट्या रंगवायचे. पाट्यांचं काम आटलं तसे ते पत्रिकांकडे वळले. कॉम्प्युटर आपला आपणच शिकले, त्यामुळे त्यांच्या काही समजुती पक्क्या होत्या. पडद्यावर अक्षर मोठं केलं की कागदावरही मोठं उमटतं, ही त्यातली एक. सबिहानं अक्षरं मोठी करायला बटण दाबलं तसा त्यांनी तिचा हात धरला.

"नक्को. गिऱ्हाईक का कार्ड बडा हो जाता."

तसं काही होत नाही, हे तिनं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण हात सोडला नाही. मग तिच्या ध्यानात आलं की प्रत्येक पत्रिका दोनदा उघडलेली आहे. दोन दोन कशाला, बंद करा की एक, मशीन त्यानंच दमलं असेल, असं ती जरा चढ्या आवाजातच म्हणाली.

"एक गिऱ्हाईक का, एक मेरा," महेमूदभाई म्हणाले आणि कामाला लागले. पुढच्या खेपेला जास्तीची रॅम घेऊन येते, म्हणून तिनं विषय मिटवला.

दुपारी दुकानाचे जुने गिऱ्हाईक कारभारी आले. त्यांच्या मुलीचं, आकांक्षाचं, वाटूरच्या मुलाशी लग्न जमलं होतं. कारभारींनी सगळी नावं तोंडीच सांगितली, मानपानाप्रमाणे दोनदा खालीवर केली, आणि मामाकडची मंडळी कशी रुसतात त्याची नक्कलही करून दाखवली. महेमूदभाई हसत हसत टाईप करत राहिले. मधेच एका ओळीवर सबिहानं शब्द सुचवला तसे कारभारी तिच्याकडे वळले.

"काय झकास बोलती गं. घरी तर तुम्ही उर्दू बोलता. मंग एवढी मराठी कुठं शिकली?"

"कॉलेजात," सबिहा म्हणाली. "आणि पुस्तकांतून."

"हौ, किताबां में ही रहती ये," महेमूदभाई कौतुकानं म्हणाले.

पत्रिका वाचायची राहिली होती. छापण्याआधी ती गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायची, हा दुकानाचा रिवाज होता, आणि वाचून झाल्याशिवाय महेमूदभाई ती सेव्ह करत नसत. न ऐकवलेला मजकूर त्यांच्या लेखी पुरा झालेलाच नसायचा. पण कारभारींच्या गावाकडची जीप निघाली. उद्या घरच्यांना घेऊन ऐकायला येतो म्हणून ते गेले. महेमूदभाईंनी कॉम्प्युटर बंद न करता तसाच झोपवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नमाजहून परत येताना ते मशिदीच्या पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत.

तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, माणसांची गर्दी ओसरली, तेव्हा कारभारी घरी येऊन बसले. पत्रिकेचं नाव त्यांनी काढलंच नाही. लग्न जवळ आलेलं सबिहाला ठाऊक होतं. तीच किल्ली घेऊन उठली, आणि ते तिच्या मागून दुकानात आले.

इन्व्हर्टरनं झोपलेला कॉम्प्युटर तगवून ठेवला होता; बटण दाबताच पडदा जागा झाला. सगळं जसंच्या तसं उघडं होतं, वर तीच चौकट. सबिहानं आकांक्षाची पत्रिका सेव्ह करायला घेतली. मेमरी पुरत नाही म्हणून मशीननं नकार दिला. छापायला दिली, तर पडदा गोठला आणि बऱ्याच वेळानं हलला.

"बंद करून चालू कर की," कारभारी म्हणाले.

"मग ही पुसली जाईल, काका."

"जाऊ दे. म्या पुन्हा सांगतो नावं."

नावं ते पुन्हा सांगू शकले असते. पण अब्बांच्या हातची ही शेवटची पत्रिका होती, आणि तिच्यातली एकही ओळ सबिहाला आपल्या हातानं नव्यानं टाईप करायची नव्हती. एवढी मेमरी खातंय तरी कोण, हे बघायला तिनं चालू प्रोग्रॅमची यादी उघडली. पत्रिकांचा प्रोग्रॅम एकटाच जवळजवळ सगळं गिळून बसला होता. मग ती एकेका खिडकीत गेली. गिऱ्हाइकाची पत्रिका तळहाताएवढी होती. जोडीच्या दुसऱ्या खिडकीत मजकूर तोच, पण कागद दहा फुटांचा, चौकात लावायच्या फ्लेक्सच्या मापाचा. त्यावरची अक्षरं पडदाभर होती. एक शब्द धड मावत नव्हता.

ती बघत राहिली. अक्षर मोठं दिसायला हवं तर पाटी मोठी घ्यायची, हा रंगाऱ्याचा हिशेब होता. गिऱ्हाइकाच्या कार्डाला धक्का न लावता अब्बांनी आपल्यापुरतं वेगळं कार्ड केलं होतं. त्यांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. शेजारी बसूनही तिनं ते विचारलं नव्हतं.

तिनं अब्बांची कार्डं एकेक करून बंद केली. बाकीच्या पत्रिका गिऱ्हाइकांना वाचून दाखवून सेव्ह झालेल्या होत्या. मशीन हलकं होत गेलं. शेवटी आकांक्षाचंच मोठं कार्ड उरलं. लहान कार्ड आता बिनतक्रार सेव्ह झालं असतं. पण ते अजून वाचलेलं नव्हतं.

"काका, बसा. वाचून दाखवते."

तिनं मोठ्या कार्डावरूनच वाचायला घेतलं. अक्षरं पुढं सरकवत, एकेक नाव पूर्ण होऊ देत. 'चि. सौ. कां.' आलं तेव्हा ती अडखळली नाही. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, असं उघडून वाचलं. लहानपणी याच स्टुलावर उभं करून अब्बा तिला पत्रिका वाचायला लावायचे. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नसे. आखडलेलं अक्षर उघडून वाचायचं, ऐकणाऱ्याला समोर माणूस दिसला पाहिजे, असं ते सांगायचे. नाव चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

कारभारींनी एका जागी डोळे पुसले. मामाकडच्या मंडळींची नावं आली तसे म्हणाले, "बराबर हाय. समदं बराबर."

सबिहानं लहान कार्ड सेव्ह केलं. छपाई सुरू झाली. मोठं कार्ड बंद करायच्या बटणावर तिचं बोट थांबलं.

"काका, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, मराठी कुठं शिकली."

"सांगितलं की तू. कॉलेजात."

"कॉलेजात नाही. इथं शिकले, या स्टुलावर." मग ती रिकाम्या खुर्चीकडे वळली आणि घरच्या बोलीत म्हणाली, "अब्बा, पढना मेरे कू तुम सिखाए."