धाकटीच्या नावानं

धाकटीनं सफरचंद सोललंसुद्धा नाही. सालीसकट किसणीवर धरलं आणि बोलता बोलता किसत राहिली. शेवटी हातात उरलेला सालीचा तुकडा तिनं तोंडात टाकला. शिजवलेले जव ती घरूनच डब्यात घालून घेऊन आली होती. ते आता दुधात रटरटत होते.

"अगदी सोपं आहे ताई. जव, दूध, फळ. थोडे जर्दाळू चिरून टाकायचे, झाकण ठेवायचं आणि विसरून जायचं."

"विसरायलाही वेळ लागतो," थोरली म्हणाली, आणि ओट्यावर सांडलेला कीस तिनं फडक्यानं गोळा केला.

धाकटी हसली. तिला तो विनोद वाटला असावा.

थोरली बाहेरच्या खोलीत मशीनवर बसायची. लोकांच्या पँटी आखूड करणं, कोट उसवून सैल करणं, अडकलेल्या चेनी बदलणं हे तिचं काम. मशीन तिनं मुद्दाम दाराशी ओढून घेतलं होतं, म्हणजे शिवताना आतल्या खाटेवरचे बाबा दिसत. त्यांची डावी बाजू अर्धांगवायूच्या झटक्यात गेली होती. बोलणं हळूहळू परत आलं, भूक मात्र आली नाही. मऊ भात, कुस्करलेला बटाटा, भाज्यांचं सूप, सगळं करून झालं होतं. बाबा चांगल्या हातानं वाटी बाजूला सारत. "गिचका झालाय," म्हणत. नाहीतर नुसतंच, "ने ते." डॉक्टर गेल्या खेपेला म्हणाले होते, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

धाकटी दुसऱ्या गावी विमानतळावर काउंटरला होती. महिन्यातून एखाद्या रविवारी येई. आली की बाबांचे केस विंचरी, खिडकी उघडून ठेवी, फुलं आणी. आज तिनं हे जवाचं पुडिंग केलं होतं.

ती खाटेच्या कडेला बसून भरवू लागली. थोरली दारात उभी होती, हातात कुणाचीतरी पँट, ओठांत टाचण्या. पहिला चमचा गेला. दुसरा गेला. बाबांनी मध्येच मान हलवली नाही की तोंड फिरवलं नाही. वाटीचा तळ दिसला तेव्हा ते धाकटीला म्हणाले,

"छान झालंय हो."

"ताई, बघ! सगळं संपवलं."

थोरलीच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे काही बोलावं लागलं नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते आपल्या घराकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असेल, असं तिला वाटलं. त्या संध्याकाळी तिनं एका पँटीचा पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड शिवला आणि परत उसवला.

मंगळवारी तिनं स्वतः जव आणले. पहिल्यांदा उकळत्या दुधातच फळ टाकलं, तर दूध फाटलं. दुसऱ्यांदा भांडं उतरवून, थोडं निवल्यावर फळ घातलं. सफरचंद मात्र सोलून घेतलं. बाबांना साल घशाला टोचते, हे धाकटीला कुठून माहीत असणार? चव घेऊन पाहिली. धाकटीच्या पुडिंगपेक्षा चांगलं झालं होतं. यात शंकाच नव्हती.

बाबांनी वाटीकडे पाहिलं.

"हे कशाला केलंस? ने ते."

थोरली वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या कानशिलांत गरम झालं. मग तिच्या तोंडून निघून गेलं,

"मी नाही केलं. धाकटीनं पाठवलंय. बसवाल्याबरोबर."

बाबांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग तोंड उघडलं.

त्यानंतर तिची हीच रीत झाली. एक दिवसाआड जव शिजवायचे, फळ बदलायचं, आणि वाटी घेऊन जाताना धाकटीचं नाव घ्यायचं. आज धाकटीनं पीच घातलेत हं. आज तिनं साखर कमी टाकली वाटतं. बाबा खात. थोरली पुढचा चमचा भरी. कष्ट आपले आणि नाव दुसरीचं. त्यातून हे नाव आपणच आपल्या तोंडानं द्यायचं, म्हणजे तक्रार तरी कुणाकडे करायची?

डॉक्टरांनी बाबांना वजनकाट्यावर धरून उभं केलं आणि खूश झाले.

"कशानं सुधारलं?"

"धाकटी मुलगी पुडिंग पाठवते," बाबा म्हणाले.

"मग तिला सांगा, चालू ठेवा," डॉक्टर थोरलीला म्हणाले.

"सांगते," थोरली म्हणाली.

पुढच्या खेपेला धाकटी आली तेव्हा थोरलीचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाबा आता त्या पाठवलेल्या डब्यांबद्दल बोलतील, धाकटी 'कसले डबे?' विचारील, आणि आपली शोभा होईल. ती मशीन सोडून सारखी आत-बाहेर करत राहिली. धाकटीनं पुन्हा तेच केलं, पुन्हा सालीसकट. बाबांनी पुन्हा वाटी संपवली, पुन्हा "छान झालंय हो" म्हणाले. डब्यांचं नाव नाही. पाठवल्याबद्दल एक शब्द नाही.

"बाबा, पुढच्या वेळी अननस घालून करीन."

"कर, कर."

थोरली तिला बसपर्यंत पोचवायला गेली. बस आली. धाकटी पायरीवर एक पाय ठेवून म्हणाली,

"तुला 'ने ते' म्हणतात ना, तसं मला एकदा तरी म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. माझ्याशी ते अजूनही पाहुणीसारखे वागतात."

बसचं दार लागलं.

ती घरी आली तेव्हा बाबा जागेच होते. वाटी उचलायला ती वाकली.

"उद्या ते पुडिंग नको करूस," बाबा म्हणाले.

"का? धाकटीनं—"

"मला ते मुळीच आवडत नाही. जव दातांत अडकतात, आणि दात आहेत किती?"

थोरली वाटी घेऊन खाटेच्या कडेला बसली.

"मग तिनं केलं की एवढं कौतुकानं खाता ते?"

"एवढ्या लांबून येते. तिला कसं 'नको' म्हणायचं?"

"आणि मधल्या दिवशी? तेव्हा तर ती नसायची."

बाबांनी चांगल्या हातानं चादरीची सुरकुती सारखी केली.

"तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून नाही. पहिल्या दिवशी कान लाल झाले होते तुझे. म्हटलं, पोरगी स्वतःच्या हातचं दुसरीच्या नावानं घालायला निघालीय, तर गिळावं मुकाट्यानं."

"डॉक्टरांनासुद्धा तिचंच नाव सांगितलंत."

"तूच सांगत होतीस. मी काय तुला खोटं पाडायचं?"

थोरलीला रागही आला आणि हसूही. दोन्ही गिळून ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं तांदूळ धुतले, भरपूर पाण्यात मऊ शिजवले, घोटले, वर थोडं लोणी सोडलं. वाटी घेऊन ती परत आली. या वेळी तिनं कुणाचंच नाव घेतलं नाही.

बाबांनी वाटीत डोकावून पाहिलं.

"आता भात? पोट भरलंय माझं."

"अर्धी वाटी खा. मग काय ती नावं ठेवा."

एक घास त्यांनी तोंडात बराच वेळ घोळवला.

"मीठ विसरलीस," ते म्हणाले, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.